डीपीशेजारचे बिऱ्हाड

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत गाड्या कोठे लावाव्यात आणि गच्चीची गळती कोणाच्या खर्चाने काढावी हे दोन सनातन वाद एकदाचे तहकूब झाले, म्हणजे जो तिसरा विषय हटकून निघतो तो आवाराच्या कोपऱ्यात गुणगुणत उभ्या असलेल्या डीपीचा, म्हणजे विजेच्या रोहित्राचा. कोणीतरी कोठेतरी वाचलेले असते की, या यंत्राच्या आसपास राहणाऱ्या मुलांना रक्ताचा कर्करोग होतो. दुसऱ्या कोणाच्या आतेभावाच्या इमारतीजवळून उच्च दाबाची वाहिनी जात असते आणि तेथे म्हणे घरटी एक माणूस आजारी. आणि मग, वीज तर चोवीस तास हवी, दाबही पुरेसा हवा, परंतु ज्या यंत्रातून ती येते ते मात्र शेजारच्या संस्थेच्या हद्दीत हलवावे, अशा आशयाचा अर्ज सर्वानुमते संमत होऊन वीज कंपनीच्या उपविभागीय कचेरीत दाखल होतो. शेजारच्या संस्थेनेही हुबेहूब तसाच अर्ज आधीच देऊन ठेवलेला आहे, ही गोष्ट त्या कचेरीतील कारकुनाखेरीज सहसा कोणास ठाऊक नसते.

या भीतीची थट्टा करून तिची बोळवण करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. कारण ही भीती वावड्यांतून उत्पन्न झालेली नसून एका शोधनिबंधातून झालेली आहे, आणि तिचा निकाल लावण्यासाठी जगभरच्या संशोधकांनी चार दशकांहून अधिक काळ परिश्रम घेतलेले आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानाच्या डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर नावाच्या विदुषी संशोधन करीत असत. १९५० ते १९७३ या काळात कर्करोगाने मरण पावलेल्या ३४४ बालकांचे पत्ते मिळवून, या दुर्दैवी घरांत समान असे काय आहे, याचा मागोवा घेत त्यांनी शहरातील गल्ल्या पायाखाली घातल्या. घरांच्या मागल्या अंगास, जेथून विजेचे खांब जातात त्या बोळांत हिंडताना, खांबावर बसविलेली रोहित्रे अशा घरांच्या जवळपास वरचेवर आढळतात, असे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. एड लीपर या भौतिकीच्या जाणकार मित्राने या निरीक्षणाला दिशा दिली: रोहित्राची पेटी हा मुख्य मुद्दा नसून, तेथून निघणाऱ्या तारांतून पहिल्या एकदोन घरांपर्यंत जो मोठा प्रवाह वाहतो, आणि त्या प्रवाहामुळे जे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्याकडे पाहावे, असे त्याचे म्हणणे. दोघांचा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जेथे तारांतून अधिक प्रवाह वाहण्याचा संभव होता अशा घरांत बालकांच्या कर्करोगाचे प्रमाण दोन ते तीन पट असल्याचे त्यात मांडले गेले.

निबंधातील उणिवा तज्ज्ञांनी तत्काळ दाखविल्या. घरांतील चुंबकीय क्षेत्र प्रत्यक्ष मोजलेले नव्हते, तारांची जाडी आणि त्यांचे अंतर पाहून केवळ अंदाज बांधलेला होता. आणि कोणते घर रुग्णाचे व कोणते तुलनेसाठी घेतलेले, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असल्यामुळे नजर नकळत कलण्याचा धोका होता. तरीही निबंध फेटाळला गेला नाही; त्याच डेन्व्हर शहरात डेव्हिड सॅव्हित्झ यांनी फेरतपासणी केली, आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत संबंध आढळला, परंतु पूर्वीपेक्षा सौम्य. पुढच्याच वर्षी पॉल ब्रोडर या पत्रकाराने 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात या विषयावर लेखमाला लिहिली, आणि प्रयोगशाळेतील शंका एकाएकी घरोघरच्या दिवाणखान्यात येऊन बसली.

येथे क्षणभर थांबून हे क्षेत्र म्हणजे काय वस्तू आहे, ते समजून घेतले पाहिजे, कारण अर्ध्या गैरसमजांचे मूळ तेथे आहे. विजेच्या प्रत्येक तारेभोवती दोन निरनिराळी क्षेत्रे असतात. तारेवर दाब असला, म्हणजे तिच्यातून प्रवाह वाहत असो वा नसो, विद्युत क्षेत्र असते. आणि प्रवाह वाहू लागला म्हणजे त्याच्या जोडीला चुंबकीय क्षेत्र येते. चारशे किलोव्होल्टच्या वाहिनीखाली काळोख्या रात्री साधी ट्यूबलाइट, कोणतीही तार न जोडता, हातात उभी धरली असता ती मंदपणे उजळते, हा चमत्कार पहिल्या क्षेत्राचा आहे. पावसाळ्यात त्याच वाहिनीखालून छत्री घेऊन जाणाऱ्या माणसाला छत्रीच्या दांड्यापाशी बोटांना बारीक चिमटे बसतात आणि वर तारांतून चरचर ऐकू येते, तेही त्याचेच प्रताप. परंतु हे विद्युत क्षेत्र भित्रे आहे. विटांची भिंत, पत्रा, एखादे झाडदेखील त्याला अडवते, आणि घरात त्याचा अंश फार थोडा उरतो. चुंबकीय क्षेत्राला मात्र भिंतीची पर्वा नसते. म्हणूनच सारा वाद चुंबकीय क्षेत्राविषयी आहे.

ते भिंतीला जुमानत नसले, तरी अंतरापुढे त्याचे काही चालत नाही. तीन तारांतून वाहणारे तीन प्रवाह एकमेकांना बरेचसे खोडून काढीत असल्यामुळे अशा वाहिनीचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि रोहित्रासारख्या आटोपशीर यंत्राचे तर त्याहूनही झपाट्याने. मायक्रोटेस्ला या मापाने बोलायचे, तर सामान्य घरातील क्षेत्र ०.१ च्या आतबाहेर असते. चारशे किलोव्होल्टच्या वाहिनीच्या थेट खाली ते दहा-वीसपर्यंत चढते, पण पन्नास ते शंभर मीटर दूर गेले की इतरत्र जेवढे असते तेवढेच होऊन बसते. रस्त्यावरच्या डीपीचा प्रभाव तर काही मीटरांतच घरातल्या नेहमीच्या पातळीत विरून जातो. याउलट दाढीचे विजेचे यंत्र किंवा केस वाळविण्याचे यंत्र त्वचेपासून तीन सेंटिमीटरवर शेकडो मायक्रोटेस्लांचे क्षेत्र निर्माण करू शकते. या यंत्रांशी आपला संबंध मिनिटांचा आणि वाहिनीशी वर्षानुवर्षांचा, हे खरे. तथापि डीपी हलविण्याच्या अर्जावर सही करून घरी आलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी निर्धास्तपणे तेच यंत्र गालावरून फिरवितो, ही विसंगती नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात ४० मायक्रोटेस्लांच्या थोडे वर आहे, आणि मानवजात त्यातच वाढली. पण हे स्थिर असते, विजेचे मात्र सेकंदास शंभर वेळा दिशा पालटते, तेव्हा दोघांची तुलना सरळसोट करता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. दुसरीकडे, क्ष-किरणांप्रमाणे पेशीतील रेणू फोडण्याचे सामर्थ्य या क्षेत्रात मुळीच नाही. ज्याची तरंगलांबी सहा हजार किलोमीटर भरते अशा संथ लहरीत तेवढी ऊर्जाच नसते. 'रेडिएशन' हा एकच शब्द सगळीकडे लावून क्ष-किरण, मोबाइलचा मनोरा आणि गल्लीतला डीपी यांना एका रांगेत उभे करणारी पत्रके वाटली जातात, त्यांचे कर्ते बहुधा या फरकाकडे जाणूनबुजून काणाडोळा करतात.

मग आजार होतो की नाही? येथे पुराव्याची हकीकत सावकाश सांगितली पाहिजे, कारण तिचे दोन्ही बाजूंनी सोयीस्कर तुकडे केले जातात. स्वीडनमध्ये मारिया फेख्टिंग आणि आंडर्स आल्बॉम यांनी २२० व ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपासून तीनशे मीटरांच्या आत राहिलेल्या लोकसंख्येचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या देशात नागरिकांच्या निवासाच्या व आजारांच्या नोंदी इतक्या काटेकोर असतात, आणि वीज कंपन्यांच्या दप्तरी वाहिन्यांवरील भार इतका जुना लिहून ठेवलेला होता, की घराघरांतील पूर्वीचे क्षेत्र गणिताने काढता आले. आणि बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसला, जरी एकंदर रुग्ण मूठभरच होते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ६३८ रुग्ण बालकांच्या आणि ६२० निरोगी बालकांच्या घरांत प्रत्यक्ष मापन करून घेतले, तेव्हा तारांच्या रचनेशी असलेला डेन्व्हरचा तो जुना संबंध दिसेनासा झाला. १९९९ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या पाहणीतही काही ठोस हाती लागले नाही.

एकेका अभ्यासात अधिक क्षेत्राच्या घरांतील मुले इतकी थोडी असतात की निष्कर्ष इकडचा तिकडे होण्यास दोनचार रुग्णांचा फरक पुरतो. ही अडचण ओळखून आल्बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांची मूळ माहिती एकत्र केली आणि २००० साली तिचे फलित मांडले: ज्यांच्या घरात सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा कमी होते, आणि अशी मुले शंभरात नव्याण्णवाहून अधिक होती, त्यांच्यात जोखीम वाढल्याचे काही चिन्ह नव्हते. जी एक टक्क्याहूनही थोडी मुले त्यापेक्षा अधिक क्षेत्रात राहत होती, त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. हाच तो 'दुप्पट' शब्द, जो आजतागायत सभांतून फिरतो. त्याच्या मागची एक टक्क्याची अट मात्र वाटेतच गळून पडते. आणि मूळ आजार इतका विरळा आहे की, तो वर्षाकाठी दर लाख मुलांमागे मोजक्या चारपाच मुलांना होतो, हेही सांगायचे राहून जाते.

या पुराव्याच्या बळावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ च्या आपल्या ग्रंथात अशा चुंबकीय क्षेत्राला 'संभाव्यतः कर्करोगकारक' या वर्गात, म्हणजे '२ बी'त, घातले. वर्गवारी जोखमीच्या आकाराची नसून पुराव्याच्या बळकटीची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच '२ बी' वर्गात पुढे कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही जाऊन बसला. आणि ज्या पहिल्या वर्गात पुरावा निःसंशय मानला जातो, तेथे तंबाखू आणि सुपारी या दोन्ही वस्तू मानाने विराजमान आहेत. डीपीविरुद्धची फिर्याद तावातावाने मांडता मांडता चुन्याची डबी काढून मळायला बसणारा सभासद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यावर अधिक भाष्याची गरज वाटणार नाही.

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरील सारे वाङ्मय पुन्हा चाळून जो अभिप्राय दिला, तो मला समतोल वाटतो. संबंध खराच कारणाचा आहे असे गृहीत धरले, तरी २००० साली जगभरात अंदाजे ४९,००० बालकांना झालेल्या रक्ताच्या कर्करोगापैकी त्यामुळे झालेले रुग्ण १०० ते २,४०० च्या दरम्यान, म्हणजे फार तर पाच टक्के भरतील. आणि कारण असल्याचे शाबीत होत नाही, याची कारणेही संघटनेने दिली: इतके दुर्बल क्षेत्र पेशीत रोग कसा उत्पन्न करील, याची पटणारी यंत्रणा कोणास दाखविता आलेली नाही, प्राण्यांवरील प्रयोगांतही तसे दिसलेले नाही, आणि पाहणीला राजी होणारी निरोगी कुटुंबे बहुधा सुस्थितीतली असल्यामुळे तुलनाच तिरपी होण्याचा संभव आहे. यानंतर ब्रिटनमधून आणखी एक उद्‌बोधक गोष्ट पुढे आली. जेराल्ड ड्रेपर यांच्या २००५ च्या अभ्यासात उच्च दाबाच्या वाहिनीपासून दोनशे मीटरांच्या आत जन्मलेल्या मुलांत जोखीम सुमारे सत्तर टक्क्यांनी अधिक दिसली होती, आणि विशेष म्हणजे दोनशे ते सहाशे मीटरांच्या पट्ट्यातही, जेथे वाहिनीचे क्षेत्र पोचत नाही, थोडीफार अधिकच होती. २०१४ मध्ये हाच अभ्यास अधिक वर्षांच्या माहितीवर पुन्हा केला गेला, तेव्हा असे आढळले की, ही वाढ १९६० च्या दशकात ठळक होती आणि पुढे दशकामागून दशक ओसरत जाऊन अलीकडे उरलीच नाही. क्षेत्र हेच कारण असते, तर तारांतून वाहणारी वीज वाढत असताना परिणाम कमी होत जाण्याचे कारण नव्हते. तेव्हा वाहिन्यांजवळ राहणाऱ्या लोकांच्या राहणीत किंवा वस्तीत काही वेगळे असावे आणि ते काळाबरोबर पालटले असावे, असाच तर्क बळावतो.

सुरक्षिततेच्या मर्यादांविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण तेथे सामान्य वाचकाचा गोंधळ होतो आणि तो होणे स्वाभाविक आहे. अशा क्षेत्रांपासूनच्या संरक्षणाचे निकष ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सर्वसामान्य जनतेसाठी १९९८ मध्ये १०० मायक्रोटेस्लांची मर्यादा सांगितली, आणि २०१० मध्ये ती उलट २०० वर नेली, मग ०.४ ला भ्यायचे की २०० पर्यंत निश्चिंत राहायचे? ही मर्यादा तत्काळ होणाऱ्या परिणामांवर, म्हणजे प्रबळ क्षेत्रामुळे शरीरात प्रवाह उत्पन्न होऊन मज्जातंतू चाळविले जाण्यावर आधारलेली आहे, व ते परिणाम निर्विवाद आहेत. दीर्घकालीन कर्करोगाचा पुरावा मर्यादा ठरविण्याइतका भक्कम नाही, असे आयोगाचे मत. दोन्ही आकडे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

कर्करोगाखेरीज ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांत डोकेदुखी, निद्रानाश, थकवा आणि चिडचिड या प्रमुख आहेत. त्या तक्रारी खोट्या नसतात. माणूस खरोखर तळमळत असतो. पण आपल्याला असे क्षेत्र जाणवते असे सांगणाऱ्या ७२५ व्यक्तींवर केलेल्या ३१ प्रयोगांचा आढावा २००५ मध्ये घेतला गेला, आणि यंत्र चालू आहे की बंद, हे जेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते आणि प्रयोग करणाऱ्यालाही नव्हते, तेव्हा ते त्यांना खात्रीने ओळखता येत नाही, असे त्यातून निष्पन्न झाले. स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली वाहिनीपासून पन्नास मीटरांच्या आत दीर्घकाळ राहणाऱ्यांत विस्मृतीच्या अल्झायमर रोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले होते; पुढे डेन्मार्कमधील पाहणीने त्याला दुजोरा दिला नाही. झोपमोडीचे एक कारण मात्र अगदी उघड आहे, आणि त्यासाठी अदृश्य शक्तीला दोष देण्याची आवश्यकता नाही. रोहित्राच्या गाभ्यातील पोलादी पत्रे चुंबकत्वाने सेकंदाला शंभर वेळा किंचित आखडतात व प्रसरतात, त्यामुळे ती अखंड घुंई निघते. रात्री रहदारी थांबली की उशाशी तीच ऐकू येते. सैल झालेले बोल्ट आवळून आणि पायाखाली रबराचे तळ घालून तो आवाज पुष्कळ कमी करता येतो, व तशी मागणी करणे हा रहिवाशांचा रास्त हक्क आहे.

एका प्रकारच्या घराविषयी मात्र मी बेफिकीर राहण्याचा सल्ला देणार नाही. मोठ्या शहरांतील दाट वस्तीत जागेच्या टंचाईमुळे रोहित्राची खोली इमारतीच्या तळमजल्यावरच असते, आणि त्या खोलीच्या बरोबर वर कोणाचे तरी शयनगृह असते. फिनलंड, हंगेरी, स्वित्झर्लंड या देशांत अशा सदनिका मोजल्या गेल्या, तेव्हा रोहित्राला लागून वर असलेल्या घरात तो ०.४ चा आकडा सहज ओलांडला जातो, आणि त्याहून वरच्या मजल्यांवर तो झपाट्याने उतरतो, असे दिसले. दोष बहुधा रोहित्राच्या पेटीचा नसतो. कमी दाबाच्या बाजूने शेकडो अँपिअर प्रवाह वाहून नेणाऱ्या ज्या जाड पट्ट्या किंवा केबली छताजवळून नेलेल्या असतात, त्यांचा असतो. त्या खाली घेतल्या व एकमेकींजवळ बांधल्या, की क्षेत्र बरेच घटते. खर्च मामुली, त्रास एका दिवसाचा. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की जेथे उपाय स्वस्त आहे तेथे तो करावा, आणि केवळ शंकेपोटी अवाढव्य खर्च करू नये. अशा सदनिकेत मापन करून घ्यावे, आणि तोपर्यंत मुलाचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवावा.

रोहित्रातील तेलाचा उल्लेख केल्यावाचून हे प्रकरण पुरे होत नाही. पूर्वी परदेशांत, आणि काही अंशी आपल्याकडेही, पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, संक्षेपाने पीसीबी, हे रसायन रोहित्रांत वापरले जाई, कारण ते पेट घेत नाही. १९६८ मध्ये जपानात भाताच्या कोंड्याच्या तेलात ते मिसळून हजारो माणसे विषबाधेने पिडली, तेव्हा त्याचे खरे रूप कळले. २००१ च्या स्टॉकहोम कराराने त्यावर बंदी आणली आणि भारत सरकारने २०१६ च्या हुकमाने त्याचे उत्पादन व आयात थांबविली. आज सर्वत्र असते ते खनिज तेल तसे विषारी नाही. पण ते जळते, आणि भार वाढून डीपी पेटला म्हणजे त्या तेलाचा भडका काय करतो, हे उन्हाळ्यात अनेक मोहल्ल्यांनी पाहिलेले आहे. डीपीच्या बुडाशी कचरा पेटविणे, त्याला टेकून टपरी टाकणे किंवा दुचाक्या लावणे यांचा धोका म्हणूनच कोणत्याही चुंबकीय क्षेत्राहून मोठा आहे.

आणि येथे मूळ मुद्द्यावर येणे भाग आहे. विजेच्या यंत्राशेजारी राहण्याचा आरोग्यावर होणारा जो परिणाम निर्विवाद आहे, ज्याला कोणत्याही पाहणीची वा गणिताची गरज नाही, तो म्हणजे शॉक लागून येणारा मृत्यू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी बारा हजारांहून अधिक माणसे दगावतात. छातीतून तीस मिलीअँपिअरांच्या वर प्रवाह गेला तर हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो. साठ वॅटचा जुना दिवा जेवढा प्रवाह घेतो, त्याचा हा आठवा-नववा हिस्सा. इतक्या स्वल्प गोष्टीने माणूस मरतो, आणि ती गोष्ट आपल्या दाराशी दरवाजा तुटलेल्या पेटीत उघडी पडलेली असते. आतल्या फ्यूजच्या जागी जाड तार वळवून बसविलेली, खाली सांडपाण्याचे डबके, त्यात पाय देऊन उभी असलेली शेळी, आणि दोन हातांवर क्रिकेट खेळणारी मुले, ज्यांचा चेंडू दर षटकात एकदा त्या पेटीमागे जातो. या दृश्याविरुद्ध कोणी ठराव करीत नाही, कारण त्याची सवय झालेली असते.

अकरा किलोव्होल्टच्या तारेपासून इमारतीचे आडवे अंतर निदान १.२ मीटर आणि उभे अंतर ३.७ मीटर असले पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी ३५ मीटर आणि ४०० किलोव्होल्टसाठी ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवण्याची वहिवाट आहे. ही अंतरे कर्करोगाच्या भीतीने ठरविलेली नाहीत. वाऱ्याने हलणाऱ्या तारेपासून माणूस वाचावा, एवढ्यासाठी ठरविलेली आहेत. तार टाकली तेव्हा अंतर बरोबर असते. मग घरमालक एक मजला चढवितो, दुसरा गॅलरी दोन हात पुढे काढतो, आणि स्लॅबवर सळया चढविणारा सेंट्रिंगचा मजूर, वर न पाहता, लांब सळई उभी करतो. मिरवणुकीत उंच झेंड्याची लोखंडी काठी, गच्चीवर अॅल्युमिनियमची शिडी घेऊन आलेला रंगारी, पत्र्याच्या भिंतीला बांधलेल्या लोखंडी तारेवर ओले कपडे वाळत घालणारी गृहिणी, यांचे अपघात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत संपतात.

खेड्यात हा मामला आणखी बिकट आहे. उन्हाळ्यात लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींवर घासून ठिणग्या पडतात आणि तोडणीला आलेला ऊस उभ्या उभ्या जळून जातो, हा सांगली-कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंतचा नित्याचा अनुभव आहे. तुटून जमिनीवर पडलेल्या तारेभोवतीच्या ओल्या मातीतही वीज पसरते, आणि दोन पायांत जेवढे अंतर अधिक, तेवढा शरीरावर येणारा दाब अधिक; म्हणूनच शेतकरी वाचतो आणि त्याच्या पुढे चालणारा बैल जागीच कोसळतो. अशा तारेपासून दहा मीटर तरी दूर राहावे, आणि चुकून जवळ गेल्यास लांब टांगा न टाकता पावले जमिनीवरून घासत मागे यावे. वायरमन वेळेवर येत नाही, पाळी रात्रीची आलेली, पिकाला पाणी दिलेच पाहिजे, अशा वेळी शेतकरी स्वतःच डीपी उघडून फ्यूज टाकायला जातो. यात त्याच्या धाडसाचा दोष थोडा आणि त्याला तसे करण्यास भाग पाडणाऱ्या व्यवस्थेचा अधिक, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंमत अशी की, यांतले काही उपाय दोन्ही भीतींवर एकाच वेळी चालतात. उघड्या तारांऐवजी एकत्र पिळलेल्या आवरणयुक्त केबली टाकल्या, तर धक्क्याचा धोका जातो, आकडे टाकणे अवघड होते, आणि तारा एकमेकींजवळ आल्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना खोडून टाकतात. घरातले अर्थिंग ठीक केले आणि तीस मिलीअँपिअरांना वीज तोडणारे आरसीसीबी हे उपकरण मीटरजवळ बसविले, म्हणजे घरातल्या घरात होणारे बहुतेक मृत्यू टळतात. त्याची किंमत एका बऱ्या साडीइतकीही नसते.

तेव्हा डीपी हलवा असा अर्ज लिहिण्यापूर्वी त्याचा दरवाजा शाबूत आहे काय, कुंपण आहे काय, अर्थिंगची पट्टी तुटलेली नाही ना आणि तारा कोणाच्या गॅलरीच्या हाताला येत नाहीत ना, एवढे पाहावे, आणि यांपैकी जे बिघडलेले असेल त्याची तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवून उपविभागीय कचेरीतही लेखी द्यावी, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यावा. अपघात झाल्यास भरपाईच्या वेळी हा शिक्काच उपयोगी पडतो. आणि डीपीला हात मात्र स्वतः लावू नये. ते काम वायरमनचे आहे.